फिरोजी सायकल

बुसैनानं डास मारायच्या पंपाचा दट्ट्या मागे ओढला, श्वास रोखला आणि दात आवळून पुढे ढकलला. फिरोजी रंगाचा फवारा फुस्सकन सुटला. अर्धा फ्रेमवर बसला, अर्धा आईच्या मनगटावर.

"आई, हलू नको ना."

"मी कुठं हलतेय? तुझ्या बापाची सायकल हलतेय. तो होता तेव्हा तरी ही कधी एका जागी उभी राहिली होती का?"

इन्शिराहनं तार धरून फ्रेम हलकेच फिरवली. घराच्या आतल्या चौकातल्या आडव्या लाकडाला ती उलटी टांगली होती. चाकं नाहीत, चिमटा नाही, हँडल नाही; कातडं काढलेल्या जनावरासारखी. कातडं या दोघींनीच काढलं होतं. साबणासाठी आणलेला कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून ओतला, तसा नवऱ्याच्या हातचा काळा रंग फोड येऊन सुटायला लागला. एक थेंब बुसैनाच्या पावलावर उडाला, तिथली कातडीही सुटली. मग खरवडणं, मग खड्ड्यांत लांबीचा लगदा भरणं, मग ओल्या पॉलिश पेपरनं घासणं. घासून घासून पोरीच्या बोटांची टोकं इतकी सोलवटली होती, की मिठाला हात लागला की ती शिव्या द्यायची. नाव कुणाचं घ्यायची नाही. त्या घरात नाव न घेता शिव्या द्याव्यात असा एकच माणूस होता.

सायकल मुळात पुरुषांची. जाड मधला दांडा असलेली. पायघोळ झगा घातलेल्या बाईनं त्या दांड्यावरून पाय टाकायचा म्हणजे सीटवर बसायच्या आधी गावाच्या तोंडी बसायचं. म्हणून इन्शिराहनं फ्रेम डोक्यावर घेतली होती, होडीतून नाईल ओलांडली होती आणि पलीकडच्या गावातल्या मिखाईल वेल्डरपुढे ठेवली होती. त्यांच्या जिर्जा गावातला एकही वेल्डर हात लावायला तयार नव्हता. मिखाईलनं दांडा करवतून काढला, खालच्या अंगाला दुसरी नळी तिरकी जोडली आणि दोन नळ्यांच्या मध्ये एक पत्रा बसवला. नळ्यांत झगा अडकू नये म्हणून, आणि त्यावर नाव लिहायला जागा व्हावी म्हणूनही. कापलेला दांडा त्यानं परत दिला. लोखंड तुमचं आहे बाई, म्हणाला. आता इन्शिराह त्या दांड्यानं भट्टीतले निखारे सारायची.

नाव लिहायचं होतं ते पावाचं. उन्हात फुगवलेला इन्शिराहचा पाव. गच्चीवर मातीच्या थाळ्यांत पीठ ठेवायचं, ऊन त्याला वर उचलतं, मग भट्टी. तिचा नवरा अब्दुल मौला जन्मभर हाच पाव याच सायकलवरून स्टेशनच्या उपाहारगृहात पोचवत आला. तो गेल्यावर बुसैना डोक्यावर पाटी घेऊन चालत जायला लागली, पण चालत जाईपर्यंत पाव गार होतो. उपाहारगृहाचा माणूस चार वेळा चांगलं बोलला, पाचव्यांदा म्हणाला, गार पाव मला कुठूनही मिळतो. शुक्रवारी सकाळच्या गाडीच्या आधी गरम आणलास तर ठेवतो, नाहीतर मी दुसरी बाई बघितलीय.

उद्या शुक्रवार होता. स्टेशन गेलं तर भट्टी गेली, आणि भट्टी गेली तर दोघींनी रजबच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या हाताखाली कांदे चिरायचे, एवढाच हिशेब होता.

रजब हा इन्शिराहचा थोरला. सोहागच्या रस्त्यावर दुसऱ्याची मिनीबस चालवायचा, कालव्यापलीकडे बायकोबरोबर राहायचा, आणि आईकडे यायचा ते जेवायला आणि ओरडायला. बहीण सायकल चालवणार हे कळल्यावर त्यानं आधी टायर फाडले; ते दोघींनी ठिगळं लावून सांधले. मग बाजारातल्या जलाल रंगाऱ्यानं फ्रेम रंगवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा रजबनं जलालचा हात त्याच्याच दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून शटर खाली ओढलं. जलाल आता डाव्या हातानं चहा पितो. पोलिसात गेला नाही. पोलिसात रजबचं नाव देण्यापेक्षा डाव्या हातानं चहा पिणं सोपं, हे बाजारात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

म्हणून मग घरातच. दाराला अडसर घालून.

"दादा आला तर?" बुसैनानं पंपाच्या डब्यात रंग ओतला, त्यात थिनर घातला आणि काडीनं ढवळलं.

"अडसर आहे."

"तोडेल."

"तोडू दे. अडसर त्याच्या बापानं केलाय. दोघं बघून घेतील एकमेकांचं."

बुसैना हसली. हसताना तिनं पंप मारला आणि यावेळी फवारा एकसारखा बसला, पत्र्यावर, नव्या तिरक्या नळीवर. दोघी मागे सरकून बघत राहिल्या. भट्टीच्या काजळीत, उडालेल्या पोपड्यांच्या भिंतींमध्ये तो रंग असा काही दिसत होता, की जणू तो कुणीतरी शेजाऱ्यांकडून चोरून आणलाय.

तेवढ्यात गच्चीवर पाळलेली बदकं ओरडली.

एकदम सगळी. पंख आपटत, एकमेकांवर चढत. मांजर आलं की ती एवढी ओरडत नाहीत. इन्शिराहनं वर बघितलं आणि तिला शिडी दिसली. दार बंद केलं, अडसर घातला, खिडकीला पोतं लावलं, आणि शिडी तशीच गच्चीला लावलेली राहिली. लहानपणी रजब उशिरा घरी यायचा तेव्हा बापाला कळू नये म्हणून शेजारच्या गच्च्यांवरून यायचा, आणि शिडी इन्शिराहच लावून ठेवायची. त्या सवयीला आज कुणी विचारलंच नव्हतं.

तो पाठमोरा उतरला. खांद्यावर बदकाची पिसं. वळला तेव्हा त्याची नजर आधी टांगलेल्या फ्रेमवर गेली.

"वा! बापाचं मढं टांगलंय."

"मुलुखियाची भाजी केलीय," इन्शिराह म्हणाली. "गरम आहे अजून. बस."

"मी जेवायला नाही आलो."

"ते दिसतंयच. जेवायला येणारा दारातून येतो."

तो तिच्याशी बोलतच नव्हता. बुसैनाभोवती अर्धा फेरा मारून तो फ्रेमपाशी गेला, एका बोटानं नळीला शिवला आणि बोटाचा रंग बुसैनाच्या कपाळाला पुसला. प्रेमानं टिळा लावावा तसा.

"हाजी सुवेलमच्या चहाच्या दुकानात काय म्हणतात ठाऊक आहे? रजब, तुझ्या बसला कंडक्टर नको का? बहीण आहेच की. पाय फाकून बसायची सवय करतेच आहे. सगळे हसले. हाजी हसले. मी तिथं बसलोय, माझ्या हातात चहा, आणि माझ्या तोंडावर हसले."

"मग त्यांची तोंडं फोड," बुसैना म्हणाली. "माझ्या सायकलनं काय केलंय तुझं?"

चपराक इतकी झटक्यात बसली, की इन्शिराहला आवाज आधी ऐकू आला आणि हात नंतर दिसला. बुसैना भट्टीच्या ओट्यावर आपटली. पंप घरंगळत गेला, फिरोजी रंगाचं एक ओघळतं शेपूट मागे सोडत. रजबनं दोन्ही हातांनी फ्रेम धरली आणि हिसका दिला. तार तुटली. लाकूड करकरलं. फ्रेम खाली यायच्या आत बुसैना धावली, तिच्याखाली घुसली आणि तिला कवटाळून जमिनीवर बसली. ओला रंग तिच्या गालाला, छातीला, केसांना लागला.

"सोड."

"नाही."

त्यानं लाथ मारली. ती बरगडीत बसली. बुसैनाच्या तोंडून हवा बाहेर पडल्यासारखा आवाज झाला, पण मिठी सुटली नाही. दुसरी लाथ बोटांवर. तेव्हा मात्र ती किंचाळली. पहिल्याच लाथेला इन्शिराह मध्ये पडली होती. त्यानं तिला बाजूला सारलं, आईला मारायचं नसतं हे लक्षात ठेवून, म्हणजे फक्त ढकललं. भट्टीच्या कोपऱ्यानं उरलेलं काम केलं. तिच्या तोंडात रक्ताची चव आली आणि एक दात जिभेला वेगळा लागायला लागला.

"रजब, बस कर. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! कित्येक दिवस मी त्यांचं ऐकलंय, आज त्यांना माझ्या घराचं ऐकू देत!"

थिनरची बाटली ओट्यावरच होती. त्यानं बूच दातांनी काढून थुंकलं आणि बाटली उलटी केली. फ्रेमवर ओतायची होती, पण फ्रेमवर बुसैना होती. मांडीवर, बाहीवर, पोटावर पडलं. मागच्या नळीवरचा रंग पाघळून खाली यायला लागला. थिनरचा वास आधीपासून होताच, आता डोळ्यांत जाऊन बसला.

बाटली टाकून त्यानं खिशातून लायटर काढला.

"आता सोड."

बुसैनानं वर बघितलं. एक गाल फिरोजी, दुसऱ्यावर चार बोटं उठलेली.

"पेटव," ती म्हणाली.

"बुशे, मी खरंच पेटवीन."

"मी कुठं खोटं म्हणतेय? पेटव. जलालचा हात झाला, बाबांची सायकल झाली, आता मी. मग दुकानात बस जाऊन. तेव्हा नाही हसणार कुणी."

त्यानं लायटरची चाकी फिरवली. ठिणगी उडाली, ज्योत आली नाही. अंगठा थिनरनं ओला होता. रजबनं अंगठ्याकडे बघितलं आणि तो झग्याला पुसला. नीट पुसला, एकदा पुढून, एकदा मागून.

ते पुसणं इन्शिराहनं बघितलं. नंतर पुष्कळ दिवस ती स्वतःला सांगत राहिली, की तो नुसता घाबरवत असेल, असेलही. पण ज्याला पेटवायचं नसतं तो अंगठा कोरडा करत नाही.

सायकलचा कापलेला दांडा हाताशी होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, धान्य कांडायला मुसळ उचलतात तसा, आणि पोराच्या डोक्यात घातला.

आवाज फारसा झाला नाही. रजब वळला. रागानं नाही, कुणीतरी मागून हाक मारल्यावर वळावं तसा. त्यानं हात डोक्याला लावला, समोर आणून बघितला. बोटांच्या फटींतून रक्त खाली येत होतं. लायटर पडला. मग त्याचा तोल गेला. त्यानं आधारासाठी हात पुढे केला तो बुसैनाच्या मिठीतल्या फ्रेमवर, पत्र्यावर पडला, तिथून घसरला, आणि तो तिच्या पायांपाशी कोसळला.

वर बदकं अजून कुरकुरत होती.

"रजब."

इन्शिराहनं दांडा टाकला. गुडघ्यांवर बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केस बाजूला केले. याच केसांत तिनं तेल जिरवलं होतं, याच्याच उवा मारल्या होत्या. जखम लांब होती, कवटीपर्यंत गेली होती की नाही ते रक्तामुळे दिसत नव्हतं. डोक्याचं रक्त फार येतं, हे तिला माहीत होतं. इतकं येतं हे माहीत नव्हतं. मातीच्या जमिनीनं ते प्यायला सुरुवात केली होती आणि पुरे पडत नव्हती.

"रजब, बोल काहीतरी. शिवी दे."

त्याचे डोळे उघडले.

"तू मारलंस?" तो म्हणाला.

तिनं डोक्यावरची काळी ओढणी काढली, घडी केली आणि जखमेवर दाबून धरली. दुसऱ्या हातानं लायटर उचलून भट्टीच्या राखेत फेकला.

"मारलं. दाबून धर इथं."

तेव्हाच दारावर थाप पडली.

"रजबची आई! ए रजबची आई! काय चाललंय गं आत?"

शेजारची नज़ला. आणि तिच्यामागून हाजी सुवेलमचं खोकणं. चहाच्या दुकानाचे हाजी म्हणजे नज़लाचा नवरा. दुपारची वामकुक्षी मोडली की ते असेच खोकायचे.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. उघडलं नाही तर हाजी चार माणसं आणून दार तोडतील. उघडलं तर हे असं: पोरगी रंगात आणि थिनरमध्ये भिजलेली, पोरगा रक्तात. पोलीस येतील. रजब आत जाईल, किंवा इन्शिराह जाईल, आणि सायकल पुराव्याला म्हणून ठाण्याच्या आवारात उन्हात पडून राहील. रजबच्या चेहऱ्यावर दुसरीच भीती होती. ती इन्शिराहला वाचता आली. बाजारात ज्याला बघून लोक बाजूला होतात, त्याला आईनं लोळवलं, हे उद्या जलालला कळणार होतं.

थापा थांबत नव्हत्या. सांगायला काही नसतानाच इन्शिराहनं अडसर काढला.

नज़ला दार ढकलूनच आत आली. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! अगं बाई बाई!"

तिची नजर जमिनीवरच्या रक्तावरून फिरली, रजबच्या खांद्यावरच्या पिसांवर गेली, फिरोजी फ्रेमवर गेली, पत्र्यावर उमटलेल्या तांबड्या हातावर थांबली. आणि मग तिचा चेहरा कणीक फुगावी तसा हळूहळू फुलला.

"कापलंत!" ती म्हणाली. "मला न सांगता कापलंत!"

नवी गाडी असो, नवा उंबरा असो, नाहीतर गाढवाची नवी गाडी. काहीतरी कापून त्यावर रक्ताचा पंजा उमटवल्याशिवाय जिर्जात कुणी पुढे पाऊल टाकत नाही. मशिदीतले शेख हे गैर आहे म्हणून शुक्रवारी सांगतात, आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या ट्रकवर दोन पंजे आहेत.

"तरी मी हाजींना म्हटलं," नज़ला थांबायला तयार नव्हती, "बदकं एवढी ओरडतायत, काहीतरी कापतायत शेजारी. हे म्हणे भांडण आहे. अहो, भांडणात बदकं ओरडतात का? आणि ही बुसैना किंचाळतेय! हिला पहिल्यापासून रक्त बघवत नाही. ईदला माझ्या पदरात तोंड लपवायची. ये गं, बघू. रंग तरी किती माखून घेतलायस! मुबारक, मुबारक! माशाल्ला, काय रंग आहे! कुणाची नजर न लागो. मांस कुठंय?"

इन्शिराहनं आवंढा गिळला. त्यात रक्त होतं.

"वर," ती म्हणाली. "गच्चीवर. सोलायची राहिलीत अजून."

"किती कापली?"

"सगळी."

खोकत हाजी सुवेलम आत आले. बायकांच्या घरात शिरताना बघावं तसे ते आधी जमिनीकडे बघत होते, त्यामुळे रक्त त्यांनी नज़लापेक्षा नीट बघितलं. मग भट्टीला टेकून बसलेल्या रजबकडे बघितलं. डोक्याला लावलेली ओढणी काळी होती, तरी ओली कळत होती.

"हे काय रे?"

इन्शिराहनं मुलाकडे बघायचं टाळलं. बुसैनानंही. चौकात फक्त नज़ला बघत होती, अगदी मायेनं.

"शिडीवरून पडलो," रजब म्हणाला.

"शिडीवरून?"

रजबनं ओठ ओले केले. "बदक धरताना."

नज़ला खिदळली. हसताना तिनं इन्शिराहच्या दंडाला धरलं, म्हणून बरं, नाहीतर इन्शिराह खाली बसली असती.

"ऐकलंत का हो? सोहागच्या स्टँडवर चौघांना एकदम लोळवणारा आपला रजब! आणि बदकानं पाडला!"

हाजी हसले नाहीत. त्यांच्या पायाशी तो दांडा पडला होता, एका टोकाला केस चिकटलेले. हाजींनी त्याच्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मग वाटेत आलेली वस्तू सारावी तसा चपलेनं तो भट्टीच्या राखेत सारला. थिनरच्या रिकाम्या बाटलीकडेही त्यांनी बघितलं, बुसैनाच्या ओल्या मांडीकडे बघून नजर काढून घेतली आणि रजबसमोर उकिडवे बसले.

"मुबारक, रजब," ते म्हणाले. "परवा दुकानात पोरं काहीबाही बोलली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, पोरगी आपल्या मनानं करतेय आणि भाऊ नुसता धुसफुसतोय. तू पंजा लावणार आहेस हे मला काय माहीत?"

रजबनं ओढणी आणखी दाबून धरली.

"भावानं स्वतःच्या हातानं पंजा लावलेली सायकल आहे. आता तिच्याबद्दल माझ्या दुकानात कुणी तोंड उघडलं तर त्याचा चहा बंद. कुणीही असो." हाजी जरा थांबले. "कुणीही. तूसुद्धा."

"हाजी..."

"कधी निघतेय ती?"

बाहेर रस्त्यावरून कुणाचीतरी गाढवगाडी गेली. चाकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. इन्शिराहला वाटलं, हा काही बोलणार नाही, किंवा बोलेल तर सगळंच बोलेल.

"उद्या," रजब म्हणाला. "सकाळच्या गाडीच्या आधी. पाव गरम लागतो तिथं."

"मग फातिहा म्हणू या."

हाजींनी तळवे उघडले. नज़लानं, इन्शिराहनं, बुसैनानं उघडले. बुसैनाची दोन बोटं सुजून वाकेनाशी झाली होती, ती तशीच पुढे राहिली. रजबनं एकच तळवा उघडला. दुसरा हात ओढणीवर होता. म्हणून झाल्यावर सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि रजबच्या तोंडावर वाळत आलेलं रक्त होतं ते आणखी पसरलं.

दारातून नज़ला परत वळली. "काळीज मला पाठव हं. हाजींना आवडतं."

अडसर परत लागला. इन्शिराहनं कॉफीचा डबा आणला, रक्त थांबावं म्हणून जखमेत चिमटी-चिमटीनं पूड भरली आणि ओढणीची पट्टी फाडून घट्ट बांधली. बांधताना रजबनं दात आवळले.

"माझा लायटर," तो म्हणाला.

"नाही मिळणार."

मग ती सुरी घेऊन शिडीवर चढली.

बदकं तिला बघून धावत आली. रोज ती मांडीत घेऊन एकेकाच्या चोचीत भिजवलेले दाणे कोंबायची, रमजानपर्यंत जड व्हावीत म्हणून. तिनं पहिलं धरलं, पंखांवर पाय दिला, मान मागे घेतली. बिस्मिल्ला म्हणताना तिच्या लक्षात आलं, की मघाशी दांडा उचलताना आपण काहीच म्हटलं नव्हतं. तेव्हा एकच घाव पुरला होता. आता दुसऱ्या बदकाला तिला सुरी दोनदा फिरवावी लागली. शेवटचं पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसलं. तिनं त्याला पायाला धरून ओढून काढलं. 'सगळी' असं आपणच म्हणालो होतो ना.

ती खाली आली तेव्हा एका हातात माना लोंबणारी बदकं होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या रक्ताचा वाडगा. बुसैनानं झगा बदलला होता. गाल घासून घासून लाल केला होता, तरी कानापाशी फिरोजी उरलंच होतं. फ्रेम तिनं परत टांगली होती, एका हातानं कशी टांगली तिचं तिला ठाऊक. पाघळलेली नळी पुसून परत रंगवली होती. आता ती पत्र्यासमोर उभी राहून तांबड्या हाताकडे बघत होती.

"हा पंजा नाही," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "हा घसरलेला हात आहे. बघ ना, बोटं किती लांब ओढली गेलीत. नज़लामावशीनं आत, अंधुकात बघितलं. उद्या उन्हात कुणीही ओळखेल, की इथं माणूस पडला होता."

"मग?" इन्शिराहनं विचारलं.

बुसैनानं थिनरची बाटली चिंधीवर उलटी धरली. तळाशी उरलेले थेंब चिंधीत आले. तिनं पत्रा पुसला. तांबडं आणि फिरोजी मिसळून जांभळट गाळ झाला, तोही गेला. मग डाव्या हातानं पंप उचलून तिनं दोन फवारे मारले. रंग एकसारखा बसला.

तिनं आईच्या हातातून वाडगा घेतला आणि रजबसमोर जमिनीवर ठेवला. लाथेनं उपडा करता येईल इतक्या जवळ. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही.

"दादा, हात."

चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. इन्शिराहनं एक बदक त्यात बुडवलं, बाहेर काढलं आणि मूठभर पिसं ओढली. ओली गरम पिसं हाताला चिकटत होती. तिनं मान वर केली नाही. भट्टीच्या राखेतला दांडा मात्र कुठं आहे, ते तिला न बघता ठाऊक होतं.

मग वाडग्याची कड जमिनीला घासल्याचा आवाज आला. रजब भिंतीला धरून उभा राहिला, तोल सावरत फ्रेमपाशी आला. उजवा हात त्यानं अंगापासून लांब धरला होता आणि मनगटावरून रक्त टपकत होतं, यावेळी बदकांचं.

"कुठं लावू?" त्यानं विचारलं.

"मधोमध नको," बुसैना म्हणाली. "तिथं नाव यायचंय."